लाल खिडकी उघडताच घाबरावे

संगणकावर काही वाचत असताना पडदाभर लाल खिडकी पसरली, भोंगा वाजू लागला आणि ‘आपल्या यंत्रात पाच व्हायरस आहेत, संगणक बंद करू नका’ असे बजावण्यात आले, तर विलंब न लावता घाबरावे. गोदावरीला पूर आल्याचे कानी पडले, तरी अस्सल नाशिककर छत्री घेऊन घाटाकडे जातो, पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर कुठवर पाणी चढले ते स्वतः पाहतो आणि कमरेच्या खाली असेल तर ‘हे काय, काहीच नाही’ म्हणत मिसळ खायला वळतो. हा चौकसपणा नदीपुरताच राखून ठेवावा.

वेबपानाला आपली हार्ड डिस्क तपासताच येत नाही, ब्राउझर तशी मुभाच देत नाही आणि सरकणारा टक्केवारीचा पट्टा म्हणजे आधीच रचून ठेवलेले चित्र असते, असे कोणी सांगू लागला तर विषय बदलावा. सिडकोतल्या आमच्या काकांना ‘सी ड्राइव्हमध्ये ट्रोजन’ असा इशारा चक्क अँड्रॉइड फोनवर आला. फोनला सी ड्राइव्ह नसतोच, हे नातीने सांगताच ते म्हणाले, “अगं, व्हायरसनेच खाल्ला असेल!” श्रद्धा असावी तर अशी.

एस्केपची कळ क्षणभर दाबून धरली की पडदाभर पसरलेली खिडकी बहुधा आटोपशीर होते आणि टॅब बंद करता येतो. तरीही ऐकले नाही, तर विंडोजमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजरमधून ब्राउझरच बंद करता येतो. सबब त्या कोपऱ्यातल्या कळीकडे फिरकू नये. ब्राउझर चुकून बंद झालाच आणि पुन्हा उघडल्यावर ‘जुनी पाने परत आणू का’ असे त्याने विचारले, तर होकार द्यावा, म्हणजे भोंग्यात खंड पडणार नाही.

मग खिडकीतल्या क्रमांकावर फोन लावावा. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यात फोन नंबर कधीच नसतो, हा त्या कंपनीचा तुसडेपणा. इथे मात्र दुसऱ्याच रिंगला ‘सर’ म्हणणारा माणूस भेटतो. तो सांगेल ते ॲप उतरवून घ्यावे, पडद्यावरचे आकडे त्याला वाचून दाखवावेत आणि आपला हात चहाच्या कपावर असताना माऊसचा बाण आपोआप फिरतो, तो सोहळा कौतुकाने पाहावा. तो इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची घडामोडींची नोंदवही, उघडून लाल खुणांची रांग दाखवील. तशा खुणा धडधाकट संगणकातही सापडतात, पण पाहुण्याला उलट प्रश्न विचारणे आपल्या संस्कारांत बसत नाही.

खात्यातून पैसे गेल्यावर १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी मदत क्रमांकावर लगेच तक्रार करू नये. वेळेत कळवले तर ती रक्कम पुढच्या खात्यात अडवता येऊ शकते आणि इतक्या आपुलकीने बोललेल्या माणसाचा दिवस वाया जातो. आधी चार नातेवाइकांचा सल्ला घ्यावा, मग गंगापूर रोडच्या भाच्याला रविवारी जेवायला बोलवावे. नोटा तर आपल्याच नाशिकरोडला छापतात; तेव्हा टंचाईची चिंता न करता तोवर संगणक चालूच ठेवावा.