पितळी बिल्ला आणि जनगणनेचा कागद

घरातल्या एका कष्टकरी पूर्वजाचे आयुष्य शोधून लिहावे, असे काम माझ्या मुलाला शाळेतून मिळाले. आम्ही दक्षिण वेल्समध्ये राहतो. त्याच्या वडिलांचे पणजोबा इथल्याच कोळशाच्या खाणीत घोडे हाकायचे, म्हणून त्यांच्यापासून सुरुवात झाली आणि एका संध्याकाळीच १९११ च्या जनगणनेचा त्यांच्या घराचा कागद आमच्यासमोर आला. त्या वर्षी इथे कुटुंबप्रमुखाने स्वतः भरलेले कागदच जपून ठेवले गेले, त्यामुळे अक्षर त्यांचे स्वतःचे होते, जाड आणि उजवीकडे कललेले. घरात कोणती भाषा बोलतात, याच्यापुढे ‘वेल्श’. विवाहानंतर झालेली मुले आठ, हयात पाच, वारलेली तीन. पत्नीच्या व्यवसायाचा रकाना कोरा आहे; आठ बाळंतपणे आणि खाणीतून काळेठिक्कर होऊन आलेल्या माणसाचे रोजचे आंघोळीचे पाणी हा व्यवसाय कोणी मानला नव्हता.

मग मुलाने विचारले, ‘‘आता तुझे आजोबा?’’

माझे आजोबा खानदेशातून इंदूरला आले आणि परदेशीपुऱ्याजवळच्या चाळीत राहून एका कापड मिलमध्ये साच्यावर, म्हणजे मागावर, काम करू लागले. मी आत्याला फोन केला. ‘‘अगं, कागद कुठले? मिल बंद झाली तेव्हा मस्टर रद्दीत गेले म्हणतात. बिल्ला तेवढा आहे,’’ ती म्हणाली आणि तिने फोटो पाठवला: रुपयाच्या नाण्याहून थोडा मोठा पितळी बिल्ला, वरच्या बाजूला भोक आणि बोटांनी झिजून पुसट झालेला आकडा. खाणीतल्या पणजोबांचाही असाच बिल्ला होता. तो जमा करून दिवा घ्यायचा, आणि खाली कोण उतरले आहे हे अपघातानंतर त्यावरूनच समजायचे. दोघेही कामावर आकड्यानेच ओळखले जात. फरक एवढाच की त्या आकड्यामागचा माणूस इथे कागदावरही सापडतो.

इंदूरला सध्या २०२७ च्या जनगणनेत जात नोंदवण्यावरून घराघरांत वाद आहेत. नोंद व्हावी असे मला ठामपणे वाटते. पण भरलेल्या माहितीचे पुढे काय होणार, हा प्रश्न माझ्या भावाच्या घरीसुद्धा कोणी विचारत नाही. १९४८ च्या जनगणना कायद्याने व्यक्तीची माहिती गोपनीय ठरवली आहे, ते योग्यच. मात्र ती किती वर्षांनी खुली करावी याची तरतूद त्यात नाही. इंग्लंड-वेल्समध्ये ती शंभर वर्षांनी खुली होते, म्हणून १९२१ चे कागद २०२२ मध्ये लोकांना पाहता आले. इथेही सगळे सुरक्षित राहिले असे नाही, कारण १९३१ चे कागद १९४२ च्या आगीत जळाले.

हा नियम जसाच्या तसा उचलून आपल्याकडे आणा, असे मी म्हणणार नाही. शंभर वर्षांनी उघडलेला वेल्श कागद फार तर गरिबी सांगतो. जात लपवून चाळीत खोली मिळवलेल्या माणसाचा कागद त्याच्या पणतवंडांना आजही गोत्यात आणू शकतो, आणि परदेशात बसून हे विसरणे फार सोपे असते. म्हणून जातीचा रकाना फक्त वंशजांना दाखवावा आणि नाव, वय, गाव, काम हे सगळ्यांसाठी खुले करावे, असे मला वाटते. नाहीतर पूर्वज उरतील ते ज्यांचे कुलवृत्तांत छापले गेले किंवा त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांच्या वह्यांत ज्यांची नावे आहेत त्यांचेच. साच्यावर उभ्या राहणाऱ्या माणसाला यात्रेसाठी रजा कुठली?

आणि मिलचे उरलेसुरले कागद तरी वाचवायला हवेत. इंदूरच्या बंद पडलेल्या हुकुमचंद मिलच्या सुमारे ४,८०० कामगारांच्या थकबाकीसाठी तीन दशके झगडा चालला आणि डिसेंबर २०२३ मध्ये २२४ कोटी रुपयांचा मार्ग मोकळा झाला. त्या दाव्यांसाठी कामगारांनी आणि वारसांनी दाखल केलेले कागद हा शहराच्या श्रमाचा इतिहास आहे. पैसे वाटून झाले की ते गठ्ठे कोणत्या तरी तळघरात टाकू नयेत, एवढे इंदूरकरांनी आत्ताच मागावे. ज्यांना ते कागद ओळखता येतात ती माणसे आज सत्तरी-ऐंशीची आहेत.

मुलाच्या वहीत आता दोन पाने आहेत. पहिल्या पानावर पणजोबांच्या अक्षराची प्रत, दुसऱ्यावर बिल्ल्याचा फोटो. आत्याने परवा भिंग घेऊन आकडा पुन्हा वाचला: चारातले पहिले दोन लागले आहेत.