सुभेदारसाहेबांच्या प्रतिक्रियेला उत्तर

सुभेदारसाहेब, रामराम.

पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात (आजच्या इराकमध्ये) जखमी झालेल्या आपल्या सैनिकांवरचा माझा लेख तुम्हाला रडगाणं वाटला. तुमचं म्हणणं असं, की गाडीपेक्षा बोटीत धक्के कमी, मग हाल कसले? शिवाय कार्टर या एकट्या लष्करी डॉक्टरच्या कुरबुरीवर मी सगळं रचलं, आणि टायग्रिस नदीकाठच्या कूत गावाला तुर्कांचा वेढा असताना तिथले जखमी खाली बसरा बंदराला पोचलेच कसे?

शेवटची चूक माझीच. ते जखमी कूतचे नव्हेत, नोव्हेंबर १९१५ च्या टेसिफॉनच्या लढाईतले. वेढा नंतर, डिसेंबरात पडला. लेखात दुरुस्ती केली आहे.

बोटीत धक्के कमी, हेही मान्य. रणांगणापासून टायग्रिसच्या काठापर्यंत ही माणसं खेचरांच्या गाड्यांतून आली, आणि त्या गाड्यांना पाटे (स्प्रिंग) सुद्धा नव्हते. मांडी मोडलेल्याला त्यानंतर बोट बरीच वाटली असेल. पण बोट कुठली? जखमींसाठी राखलेल्या बोटी जवळपास नव्हत्याच. रसद, दारूगोळा, जनावरं घेऊन वर जायचं आणि खाली येताना जखमी भरायचे. आपल्या सांगलीचे ट्रकवाले ज्याला रिटर्न भाडं म्हणतात, तेच हे. त्यात नदी उथळ आणि वळणावळणाची. उन्हाळ्यात कृष्णेत नाव वाळूला लागते, तशी आगबोट रुतायची.

'मेजिदिया' ही आगबोट बसऱ्याला आली, तेव्हा तिच्यावर आणि सोबतच्या दोन बार्जवर (सपाट मालवाहू होड्यांवर) मिळून सुमारे ६०० जखमी होते. लांबून मेजर कार्टरना वाटलं, बोटीला दोर लोंबताहेत. जवळ आल्यावर कळलं, ती वाळलेली विष्ठा होती. हगवणीच्या माणसांना त्या दाटीत नीट कडेला बसायलाही जागा नव्हती.

कार्टर बोलले, हे खरं. त्याबद्दल त्यांना अटकेची धमकीही मिळाली. पण १९१७ मध्ये चौकशी आयोगाचा अहवाल आला आणि ब्रिटिश सरकारातले भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांनी राजीनामा दिला. कुरबुरीवर मंत्री जात नाही, साहेब. पुढे त्याच टायग्रिसवर खास रुग्णांच्या आगबोटी आल्या. नदी तीच होती.

आणि हो, टेसिफॉनला १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. तुमच्या पणजोबांचं पहिल्या महायुद्धातलं पदक घरी आहे म्हणालात. त्याच्या कडेवर सहसा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. भिंग लावून बघा आणि पलटण कळवा.