गुणफलकावर जिचं नाव येत नाही

अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी, 7 सप्टेंबर 2025 ला, सगळं घर जागरणाने पेंगत होतं आणि मी मोबाइल धरून बसले होते. बँकॉकच्या हुआमार्क स्टेडियममध्ये महिला व्हॉलीबॉलच्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेची फायनल होती, इटली विरुद्ध तुर्की. 25-23, 13-25, 26-24, 19-25 आणि शेवटचा सेट 15-8. इटली जिंकली, 2002 नंतर पहिल्यांदा. सेमीफायनलमध्ये ब्राझीलनेही त्यांना पाचव्या सेटपर्यंत ओढलं होतं, तो 15-13 ने सुटला. 32 संघांची स्पर्धा, एकापेक्षा एक सामने, आणि आपल्याकडे त्यावर अवाक्षर नाही. मला फार लागलं ते. पण आज लिहायचंय ते वेगळ्या गोष्टीवर.

मला मोनिका दे जेनारोबद्दल लिहायचंय. तेव्हा वय 38. इटलीची लिबेरो.

व्हॉलीबॉल न खेळलेल्यांसाठी सांगते. संघात एकीची जर्सी वेगळ्या रंगाची दिसते ना, ती लिबेरो. 1998 मध्ये हा नियम आला. ती फक्त मागच्या रांगेत खेळते. तिला ब्लॉक करता, म्हणजे नेटवर हात उभारून समोरचा फटका अडवता येत नाही, नेटच्या उंचीच्या वरून चेंडू मारता येत नाही. थोडक्यात, गुण मिळवण्याचे जवळजवळ सगळे रस्ते तिला बंद. तिचं काम एकच, चेंडू जमिनीवर पडू द्यायचा नाही.

पुढच्या वेळी सामना बघाल तेव्हा चेंडू सोडा आणि पाच मिनिटं फक्त तिच्याकडे बघा. गुडघे वाकलेले, वजन चवड्यांवर, हात अजून सुटेच. नजर सर्व्हिस करणारीच्या खांद्यावर. चेंडू निघायच्या आत ती अर्धं पाऊल सरकलेली असते. मैदान सगळं 18 मीटरचं, चेंडू डोळ्याचं पातं लवेपर्यंत अंगावर येतो. हात जोडले जातात ते अगदी शेवटच्या क्षणी, आणि मनगटाच्या वरच्या सपाट भागावरून चेंडू मऊ उचलला जातो, थेट बूस्टरच्या डोक्यावर. (स्मॅशसाठी चेंडू चढवून देणारी ती सेटर. तिला आम्ही शाळेत बूस्टरच म्हणायचो, माझ्या तोंडी अजून तेच आहे.) पास असा आला की बूस्टरला चारही बाजू मोकळ्या. मधून द्यायचा, टोकाला द्यायचा की मागे सोडायचा, हे समोरच्या ब्लॉकला कळतच नाही. पास दोन मीटर ढळला तर मात्र चेंडू कुठे जाणार ते प्रेक्षकांनाही कळतं.

इटलीच्या पाओला एगोनूचा घणाघाती स्मॅश सगळ्यांना दिसतो. तो आहेच बघण्यासारखा. पण त्या स्मॅशच्या आधी दे जेनारोचा पास असतो आणि आलेस्सिया ओर्रोचा सेट असतो. या स्पर्धेची सर्वोत्तम खेळाडू म्हणून बूस्टर ओर्रोची निवड झाली तेव्हा मी एकटीच टाळ्या वाजवत बसले होते. सर्वोत्तम लिबेरो अर्थातच दे जेनारो. समोर तुर्कीच्या बाकावर प्रशिक्षक कोण होते माहितीये? दानिएले सांतारेल्ली, तिचा नवरा! ज्या माणसाला तिचा खेळ जगात सगळ्यांत जास्त ठाऊक, त्याच्या संघाविरुद्ध फायनल. त्यानंतर राष्ट्रीय संघातून तिने निवृत्ती घेतली.

हे मला एवढं का लागतं, तेही सांगते. माझी उंची पाच फूट एक इंच. शाळेत आमचं मैदान मुरमाचं, कोपरं कायम सोललेली. मी मागे खेळायचे आणि चेंडू उचलायचे, चांगला उचलायचे. जिल्ह्याच्या निवडचाचणीला गेलो तर मुलींना नेटजवळ रांगेत उभं केलं आणि एकेकीला स्मॅश मारायला लावला. झाली निवड. पास कोणीच बघितला नाही. माझी पाळी आली तेव्हा 2.24 मीटरच्या नेटवर माझी बोटंसुद्धा धड पोचली नाहीत. "उंची नाही, पुढची," एवढंच ऐकलं. त्यानंतर मी खेळणं सोडलं.

याला तीस वर्षं होतील. तेव्हा लिबेरो हा शब्दच नव्हता, हे मान्य. पण चेंडू उचलून जिंकता येतं हे त्याच्याही कितीतरी आधी सिद्ध झालं होतं. 1964 च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये महिला व्हॉलीबॉल पहिल्यांदा आलं आणि जपानच्या मुलींनी सुवर्णपदक ठरवणाऱ्या शेवटच्या सामन्यात त्यांच्यापेक्षा धिप्पाड सोव्हिएत संघाला सरळ तीन सेटमध्ये हरवलं. बहुतेक जणी एका सूतगिरणी कंपनीच्या संघातल्या. त्यांचं हत्यार होतं लोळण घेऊन चेंडू उचलणं: झेप, चेंडू वर, खांद्यावरून गडगडत पुन्हा पायावर उभं. त्यांच्या प्रशिक्षकांची मध्यरात्र उलटेपर्यंत पिदवून घेण्याची रीत मला अजिबात मान्य नाही, आज ती कुठल्याही मुलीच्या वाट्याला येऊ नये. पण ते कौशल्य खरं होतं.

म्हणून चाचण्या घेणाऱ्या सर-मॅडमना माझी हात जोडून विनंती आहे. मुलींना नेटपाशी नेण्याआधी समोरून आलेल्या वीस सर्व्हिस उचलायला लावा. किती पास बूस्टरच्या डोक्यावर गेले, ते वहीत लिहा. दहा मिनिटांचं काम आहे.

आणि तुमच्यापैकी जे खेळले आहेत त्यांनी एक करा. तुमच्या संघात मागे उभी राहून चेंडू उचलणारी कोण होती, ते आठवा आणि आज संध्याकाळी तिला फोन लावा.