मॅडक्सचा कंट्रोल अंपायरची मेहेरबानी नव्हती

नव्वदच्या दशकातल्या अटलांटा ब्रेव्ह्ज या अमेरिकन बेसबॉल टीमचा आणि तिच्या ग्रेग मॅडक्ससारख्या पिचरांचा (चेंडू टाकणाऱ्यांचा) विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येतं: 'कंट्रोल कसला, अंपायरच प्लेटबाहेरचे चेंडू स्ट्राइक द्यायचे.' (प्लेट म्हणजे बॅटरजवळची जमिनीतली पाटी; तिच्यावरून योग्य उंचीने गेलेला चेंडू स्ट्राइक, बाहेरचा तो बॉल.) यातला थोडा भाग खरा आहे, तो पुढे सांगतो. बाकीचं मला मुळीच मान्य नाही.

अंपायर सगळ्या टीमलाच झुकतं माप देत होते असं धरू. मग सर्वात जास्त फायदा ब्रेव्ह्जचाच पिचर टॉम ग्लॅव्हिनचा व्हायला हवा, कारण प्लेटच्या बाहेरच्या, म्हणजे बॅटरपासून लांबच्या, कडेवर तळ ठोकून बसणारा तोच. प्रत्यक्षात त्याच्या ४,४१३ इनिंग्जमध्ये बरोबर १,५०० वॉक (चार बॉल झाल्यावर बॅटरला फुकट मिळणारा पहिला बेस) आहेत, म्हणजे दर नऊ इनिंग्जला तीन. ग्रेग मॅडक्सच्या ५,००८ इनिंग्जमध्ये ९९९, म्हणजे नऊ इनिंग्जला दोनही नाहीत. १९९३ ते २००२ हे दोघे एकाच टीममध्ये होते. १९९५ मध्ये मॅडक्सने २०९ इनिंग्जमध्ये २३ वॉक दिले, तर त्याच टीमच्या जॉन स्मोल्ट्झने १९२ इनिंग्जमध्ये ७२. मैदान तेच, मॅनेजर तोच, वर्षही तेच. मेहेरबानी एकट्या मॅडक्सवरच होती का? १९९७ मध्ये त्याने २३२ इनिंग्जमध्ये फक्त २० वॉक दिले आणि त्यातले सहा बॅटरला टाळायला मुद्दाम दिलेले होते!

'सगळा खेळ बाहेरच्या कडेचा' हेही चूक. डावखुऱ्या बॅटरला मॅडक्स टू-सीमर (शेवटी वळणारा फास्टबॉल) टाकायचा तो नीट पाहा. चेंडू सरळ बॅटरच्या कमरेकडे निघतो. बॅटर पोट आत घेतो, मागे सरकतो, आणि शेवटच्या काही फुटांत चेंडू वळून प्लेटची आतली कड कापतो. तो स्ट्राइक प्लेटवरचा आहे, अंपायरने त्यात काय द्यायचं?

'कॅमेरे आले आणि पितळ उघडं पडलं' या मुद्द्यात तथ्य आहे, पण ग्लॅव्हिनपुरतं. २००१ पासून काही मैदानांत अंपायरचे निर्णय तपासणारी क्वेसटेक यंत्रणा बसली. २००३ मध्ये न्यूयॉर्क मेट्स टीमकडे गेल्यावर ग्लॅव्हिनला तिचा त्रास झाला. नंतर तो आतल्या बाजूला टाकायला शिकला आणि २००७ मध्ये ३०० विजयांपर्यंत पोहोचला. मॅडक्सचं काय झालं? त्याच २००१ मध्ये त्याने सलग ७२ इनिंग्ज आणि वर एक आउट इतका वेळ एकही वॉक दिला नाही. हा नॅशनल लीगचा विक्रम. तो मोडला तोही मुद्दाम दिलेल्या वॉकने. २००७ मध्ये, ४१व्या वर्षी, सॅन डिएगोकडून १९८ इनिंग्जमध्ये २५ वॉक.

आणि रुंद झोनचा (अंपायर ज्या जागेतले चेंडू स्ट्राइक देतो ती जागा) त्या काळातला सर्वात गाजलेला सामना तर ब्रेव्ह्जच्या विरोधात गेला. ऑक्टोबर १९९७, फ्लोरिडाचा पिचर लिव्हान हर्नांडेझ, १५ स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद). शेवटचा चेंडू ब्रेव्ह्जच्या फ्रेड मॅकग्रिफपासून कितीतरी लांब होता, तरी अंपायर एरिक ग्रेगचा हात वर गेला. २-१ ने हरलेला पिचर होता मॅडक्स.

कंट्रोल कुठून आला हे बघायचं तर ब्रेव्ह्जचा पिचिंग कोच लिओ मॅझोनीचा सराव बघा. दोन सामन्यांच्या मध्ये बहुतेक टीम पिचरला एकदा टाकायला लावायच्या, तो दोनदा लावायचा. पूर्ण जोर न लावता, खाली, बाहेरच्या कोपऱ्यावर, पुन्हा पुन्हा.