अंजन गवत इथे उपटून टाकतात

कोथरूडला आईच्या सोसायटीत महिनाभर वाद चाललाय, कंपाउंडच्या कडेला मोकळी जागा आहे तिथे काय लावायचं यावरून. एका गटाला लॉन हवंय आणि भिंतीला कोनोकार्पस हे विदेशी झाड, कारण ते भराभर वाढतं. दुसरा गट म्हणतो फक्त देशी झाडं, आणि त्या भरात गेटजवळचा जुना गुलमोहर पण पाडा, मादागास्करचा आहे म्हणून.

मी ॲरिझोनात, टूसॉनला राहतो. इथे तुमामॉक नावाची टेकडी आहे, लोक सकाळ-संध्याकाळ चढतात, अगदी आपल्या वेताळ टेकडीसारखं. तिथे एकदा गवत उपटायला गेलो आणि हातात काय आलं तर अंजन! आपल्याकडे गुरं आवडीने खातात तेच. इथेही चाऱ्यासाठी आणि माती धरायला म्हणूनच आणलं होतं, आता ते झाडांमधली मोकळी जागा भरून टाकतं, वाळलं की पेटतं, आणि इथल्या साग्वारो निवडुंगाला आगीची सवयच नाही, तो जळून जातो. उलट आपल्याकडची माळरानं गिळणारी वेडी बाभूळ ही इथल्या मेस्किट नावाच्या झाडाची बहीण, आणि मेस्किटच्या शेंगांचं इथे पीठ करून खातात.

म्हणून नुसतं देशी की विदेशी एवढंच विचारून भागत नाही असं मला वाटतं. सप्तपर्णी भारतीयच ना, पण ती दमट जंगलातली, पुण्यात रस्तोरस्ती लावली आणि आता ऑक्टोबरात त्या वासाने लोकांची डोकी दुखतात. विचारायचं ते हे की आपल्या मुरमात, वर्षाला साधारण 700 मिमी पावसात, तोही चार महिन्यांत पडून जाणार आणि पुढे आठ महिने कोरडे, हे झाड आपलं आपण जगेल का? आणि त्यावर पाखरं, फुलपाखरं येतील का? पुण्याच्या टेकड्यांवर ग्लिरिसिडिया हा विदेशी वृक्ष लावला, पटकन वाढतो आणि गुरं-शेळ्या सहसा तोंड लावत नाहीत म्हणून, हिरवं झालं खरं, पण मेडशिंगी, गणेर, सालई या आपल्या देशी झाडांची जागा गेली.

लॉन तर नकोच. मे महिन्यात प्यायला टँकर येतो आणि आपण गवताला पाणी घालणार? इथे पाऊस जेमतेम 300 मिमी, म्हणून बऱ्याच घरांपुढे खडी आणि पालो वर्दे हे इथलंच झाड असतं, काही गल्ल्यांत रस्त्याच्या कडेची उंच पट्टी मधे मधे कापून पावसाचं पाणी झाडाच्या आळ्यात सोडलंय. हे आपल्या सोसायटीत सहज जमेल. कोनोकार्पसचं म्हणाल तर गुजरातने 2023 मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली, आपण कशाला आणायचं.

गुलमोहर मात्र पाडू नका. इतक्या वर्षांची सावली आहे, त्याचं आयुष्य संपलं की तिथे बहावा लावा.

आईला सांगितलंय, भिंतीला अडुळसा आणि निर्गुडी, मधे दोन मेडशिंगी, एक पळस. खड्डे मेमध्येच घेऊन ठेवा, पहिला चांगला पाऊस झाला की रोपं लावा, आणि पहिले दोन उन्हाळे पाणी घालावं लागेल, त्याच्या पाळ्या मी लावून देतो.