व्होल्टेज पडलं की करंट वाढतो? गिझर आणि मोटर एका मापाने मोजू नका

गेल्या आठवड्यापासून जळगाव जिल्ह्यातल्या रावेर-यावलकडच्या आमच्या सगळ्या ग्रुपवर "ओहमच्या नियमाने सिद्ध" (म्हणजे करंट बरोबर व्होल्टेज भागिले रेझिस्टन्स) नावाचा मेसेज फिरतोय. त्यात चार गोष्टी आहेत. व्होल्टेज पडलं की घरातली प्रत्येक वस्तू जास्त करंट खेचते आणि बिल वाढतं. बारीक वायर टाकली की रेझिस्टन्स वाढतो, करंट कमी होतो, वीज वाचते. मल्टीमीटरने रेझिस्टन्स मोजून खरे वॅट काढा, वस्तूवर छापलेला आकडा खोटा असतो. आणि व्होल्ट गुणिले अँपिअर केलं की मीटरमध्ये पडणारे वॅट मिळतात. मी मोटरी रिवाइंड करतो, म्हणजे जळलेली आतली तार काढून नवी भरतो, त्यामुळे हे वाचून गप्प बसवत नाही, कारण यातली एक गोष्ट ऐकली तर मोटर जळते.

आधी पहिला मुद्दा. गिझर घ्या, 230 व्होल्टवर 2000 वॅटचा. 2000 भागिले 230, करंट आला 8.7 अँपिअर, आणि 230 भागिले 8.7 म्हणजे रेझिस्टन्स साधारण 26.5 ओहम. आता संध्याकाळी व्होल्टेज 180 वर आलं. कॉइल तीच, ओहम जवळपास तेवढेच, मग करंट 180 भागिले 26.5 म्हणजे 6.8. वाढला का? कमी झाला. वॅट तर अजून खाली येतात, 180 गुणिले 6.8, म्हणजे सव्वाबाराशेच्या आसपास, कारण रेझिस्टन्स तोच असला की पॉवर व्होल्टेजच्या वर्गाने बदलते. मग बिल कमी येईल का? तेही नाही. 15 लिटर पाणी 20 अंशांवरून 50 वर न्यायला अर्धा युनिटच्या थोडं वर लागतंच, आधी 16 मिनिटं लागायची, आता 26 लागतील एवढंच.

मोटरचं मात्र उलटं आहे आणि मेसेजवाल्याने तिथलंच अर्धं खरं उचलून सगळ्याला लावलंय. विहिरीवरच्या मोटरीला पाणी तेवढंच उचलायचं असतं, व्होल्टेज पडलं तरी पंप आपला लोड मागतोच, मग ती करंट वाढवून तो भरून काढते. 5 एचपीची थ्री फेज मोटर 415 व्होल्टवर साडेसात अँपिअरच्या आसपास घेत असेल तर 340 वर 9 पर्यंत जाते. दीड अँपिअरने काय होतंय असं वाटतं ना भो, पण वाइंडिंगमधली उष्णता करंटच्या वर्गाने वाढते, म्हणजे ती जवळपास दीडपट झाली. दर एप्रिल-मेमध्ये माझ्या टेबलावर अशा मोटरी येतात. कव्हर उघडलं की आधी जळक्या वार्निशचा वास, मग कोळशासारखी काळी पडलेली तार, नखाने खरवडली तरी इन्सुलेशन भुकटी होऊन पडतं. आणि तिकडे केळीला 45 डिग्रीत एक दिवस पाणी चुकलं तर पानं माना टाकतात.

म्हणूनच बारीक वायरीचा सल्ला मला सगळ्यात जास्त खुपतो. वायरीचा रेझिस्टन्स वाढला की वीज वाचत नाही, ती वायरीतच तापून जाते. स्टार्टरपासून विहीर 300 मीटर धरा. 4 स्क्वेअर एमएम जाडीच्या तांब्याच्या एका वायरीचा रेझिस्टन्स 1.3 ओहम येतो, अडीच एमएमचा 2 च्या वर. 9 अँपिअरला तिन्ही वायरी मिळून जाड केबलमध्ये 310 वॅटच्या आसपास जातात, बारीकमध्ये 500. वर मोटरपाशी व्होल्टेज 20 ऐवजी 32 ने पडतं, म्हणजे आधीच कमी असलेलं अजून कमी, आणि मोटर अजून करंट मागते. उन्हात तापलेल्या तांब्याचा रेझिस्टन्स तसाही वाढतो, 20 अंशांवरून 45 ला गेला तर जवळपास 10 टक्के. घरातल्या वायरिंगला बारीक वायर लावली तर तिथे प्रश्न वीजबचतीचा नाही, आगीचा आहे.

मल्टीमीटरवालं मी स्वतः करून बघितलंय. 100 वॅटचा जुना पिवळा बल्ब, थंड असताना 40 ओहमच्या आसपास दाखवतो. 230 चा वर्ग भागिले 40 केलं तर 1300 वॅट येतात! बल्ब खोटा नाहीये, पेटल्यावर फिलामेंट पांढरीफटक तापते आणि रेझिस्टन्स 529 ओहमवर जातो, तेव्हा बरोबर 100 वॅट. मोटरीचं वाइंडिंग असं मोजून करंट काढलात तर शेकड्यात आकडा येईल, कारण फिरणारी मोटर आतून उलटं व्होल्टेज तयार करते आणि करंट धरून ठेवते, ते मल्टीमीटरला दिसत नाही.

शेवटचा मुद्दा, व्होल्ट गुणिले अँपिअरचा, गिझर-इस्त्रीला चालतो, मोटरीला नाही. तिथे पॉवर फॅक्टर येतो, म्हणजे त्या गुणाकारातला किती भाग खरे वॅट असतो ते. वरच्याच 5 एचपी मोटरीला 1.732 (थ्री फेजचा ठरलेला गुणक) गुणिले 415 गुणिले 7.4 केलं तर 5300 येतात, पण 0.85 पॉवर फॅक्टरला खरे वॅट 4500. घरातलं मीटर हे खरे वॅट धरून युनिट मोजतं, त्यामुळे तुमच्या गुणाकारापेक्षा रीडिंग कमी आलं म्हणजे मीटर बिघडलं असं नाही.

आणि करून बघायचंच असेल तर मोटर चालू असताना एखाद्या वायरमनला बरोबर घेऊन स्टार्टरवरचं व्होल्टेज मोजा, मग विहिरीवर जाऊन मोटरीच्या टर्मिनलवरचं मोजा, टाँग टेस्टरने (वायरीभोवती चिमट्यासारखं लावून करंट मोजायचं मीटर) तिन्ही फेजचा करंट घ्या. दोन व्होल्टेजमधला फरक 20 च्या वर निघाला तर आधी केबलचे जॉइंट बघा आणि केबल बदलायचा हिशोब करा. ओव्हरलोड रिले, म्हणजे करंट जास्त झाला की मोटर बंद करणारा भाग, मोटरीच्या प्लेटवरच्या अँपिअरवर लावलेला आहे का तेही बघा, आमच्याकडे निम्म्या ठिकाणी तो सारखा ट्रीप होतो म्हणून वर चढवून ठेवलेला सापडतो.