पंचवीस हजारांचा हेडफोन आणि कानाची भीती

"स्वस्त हेडफोननं कान जातात. पंचवीस हजारांचा घ्या, मग कितीही मोठ्यानं ऐका, काही होत नाही." हा फॉरवर्ड फिरत फिरत माझ्या पुतण्यापर्यंत आला. पोरगा सैन्यभरतीची तयारी करतो, मोबाइलवर लेक्चर ऐकतो. "काका, बाबांले सांगा ना," म्हणाला. पंचवीस हजार म्हणजे 2025-26 चा लांब धाग्याचा हमीभाव, 8110 रुपये धरला तरी तीन क्विंटलच्या वर कापूस. राग आला म्हणून लिहितो आहे.

'कितीही मोठ्यानं' हेच सगळ्यात घातक. कान आवाजानं जातो, किमतीनं नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं मर्यादा सांगून ठेवली आहे: 80 डेसिबल असेल तर आठवड्याला 40 तास, 90 डेसिबल असेल तर फक्त 4 तास. हेडफोन पाचशेचा असो की पन्नास हजारांचा, मर्यादा तीच. आतल्या कानातल्या, आवाज टिपणाऱ्या केसपेशी एकदा मेल्या की पुन्हा येत नाहीत. ज्या पोराची भरतीत कानाचीही तपासणी होणार, त्याला बिनधास्त आवाज वाढव म्हणून सांगता?

'महाग तितका आवाज चांगला' हेही खोटं. येरून ब्रेबार्ट या संशोधकानं 283 हेडफोन मोजून 2017 मध्ये निबंध छापला. खालच्या सुरापासून वरच्या सुरापर्यंत हेडफोन कसा वाजतो आणि त्याची किंमत किती, यांचा काही संबंध त्याला सापडला नाही. 'हा 40,000 हर्ट्झपर्यंतचे, म्हणजे सेकंदाला तितक्या कंपनांचे, बारीक सूर वाजवतो' हा दावा तर सोडूनच द्या, माणसाला 20,000 च्या वरचं ऐकूच येत नाही. नवा हेडफोन शंभर तास वाजवून 'मुरवला' की आवाज सुधारतो, हीसुद्धा भाकड गोष्ट.

एक मान्य करतो. महाग हेडफोनच्या कानावरच्या गाद्या मऊ असतात, बऱ्याचदा बदलताही येतात. बाहेरचा गोंगाट दाबणारा हेडफोन असेल तर एसटीत आवाज कमी ठेवून भागतं. पण ती सोय आता चार-पाच हजारांतही मिळते.

पुतण्याचा इअरफोन हातात घेऊन पाहिला. डाव्या बाजूचं रबर कधीचंच पडलेलं. शेजारी पिठाची चक्की, तिचा सगळा आवाज त्या कानात शिरायचा, म्हणून हा व्हॉल्यूम पूर्ण चढवून बसायचा. बाजाराच्या दिवशी रबरांची नवी जोडी आणली. आता चक्की चालू असतानाही त्याला निम्म्या आवाजात ऐकू येतं.